दोन उन्हाळ्यांचं गवत

माझा भाऊ पेरेग्रिन जन्मला तोच मुळी अर्धवट झोपेत, असं आमची दाई सांगायची. रडला नाही की ओरडला नाही. डोळे किलकिले करून खोलीभर एकदा पाहिलं आणि पुन्हा मिटून घेतले. पुढे जन्मभर त्याने जगाकडे तसंच पाहिलं. विरोधी बाकांवरची मंडळी त्याला 'निजलेला लॉर्ड' म्हणायची, आणि वर्तमानपत्रांतल्या व्यंगचित्रांत त्याच्या डोक्यावर हटकून झोपायची टोपी असायची. पण तो झोपलेला नसायचा. मी त्याची धाकटी बहीण, हेस्टर. त्याच्या प्रत्येक घराच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या, तेव्हा हे मलाच विचारावं. पेरी डोळे मिटायचा ते नीट ऐकू यावं म्हणून.

आम्ही क्लनमियरचे. वेल्सच्या सरहद्दीला लागून आमच्या टेकड्या. सकाळी खिडकी उघडली की धुकं, आणि धुक्यातून मेंढ्यांचा आवाज. मेंढ्या दिसायच्या त्या दहा वाजल्यानंतर. वडील अर्ल होते आणि थोरला भाऊ रोलंड वारस. आमच्यासारख्या घरांत धाकट्या मुलापुढे तीन वाटा असत: सैन्य, चर्च, नाहीतर परराष्ट्र खातं. पेरी घोड्यावर बसल्या बसल्या पेंगायचा म्हणून सैन्य बाद झालं. प्रार्थनेला पेंगायचा म्हणून चर्च बाद झालं. शेवटी वडील म्हणाले, वकिलातीत पेंगणारा माणूस विचारात गढलेला वाटतो, त्याला तिकडेच पाठवा.

मी तेवीस वर्षांची असताना आमच्या शेजारच्या एका सरदाराला लग्नाला नकार दिला. त्याच्याकडे चाळीस शिकारी कुत्री होती आणि बोलायला तेवढा एकच विषय होता. आई इतकी संतापली की तिने मला शिक्षा म्हणून कॉन्स्टँटिनोपलला पेरीचं घर सांभाळायला धाडलं. तो तेव्हा तिथल्या आमच्या वकिलातीत तिसरा सचिव होता, वय सत्तावीस. मांजराला शिक्षा म्हणून दुधाच्या कोठारात कोंडावं, तशी ती शिक्षा होती.

उन्हाळ्यात सगळी वकिलात बॉस्फरसच्या काठी थेरापियाला जायची. आमचं घर लाकडी होतं, इतकं पाण्याला लागून की दुपारी छतावर पाण्याची चमक हलत राहायची. मी पलंगावर पडून ती पाहायची आणि आपण खाली आहोत की वर, हे कळेनासं व्हायचं. बोटी जायच्या त्या जणू बैठकीच्या खोलीतूनच. नावाडी गात, मासे विकणारे ओरडत, आणि पेरी गच्चीवर वेताच्या खुर्चीत डोळे मिटून बसलेला. हातातला खलिता गळून पडलेला असायचा. मी उचलायला गेले की तो डोळे न उघडता त्यातलं शेवटचं वाक्य म्हणून दाखवायचा.

दुसऱ्या वर्षी, युद्ध संपल्यावर, तो सरहद्द आखायच्या कामावर गेला. उत्तरेकडे डोंगरात एक नवं संस्थान झालं होतं. त्याची आणि सुलतानाच्या मुलखाची हद्द कुठून जाते ते पाच देशांच्या माणसांनी मिळून ठरवायचं होतं. आमच्या बाजूने जनरल बार्ड्‌स्ले होते आणि पेरी त्यांचा चिटणीस. मे महिन्यात गेला तो ऑक्टोबरात परतला. उन्हाने रापलेला, वाळलेला, आणि डोळे चक्क उघडे. मी घाबरले. ताप आलाय का, असं विचारलं. तो म्हणाला, नाही गं, काहीतरी घडलंय.

मग एका दुपारी आम्ही भाड्याने बोट घेतली आणि त्याने मला सगळं सांगितलं. नावाड्याला वल्ही उचलून ठेवायला सांगितलं होतं. प्रवाह आम्हाला हळूहळू नेत होता आणि तो बोलत होता.

विर्बाना नावाचं एक खोरं होतं. खाली गाव, साठेक घरं. वर डोंगराच्या खांद्यावर त्यांचं उन्हाळी कुरण आणि कुरणात एक झरा. नकाशावर सरळ रेषा ओढली तर ती गाव आणि कुरण यांच्या मधून जायची. गाव नव्या संस्थानात आणि गवत सुलतानाकडे. नेमके त्याच आठवड्यात जनरलसाहेब तापाने आडवे झाले, आणि तंबूत टेबलाशी बसून होते फक्त पेरी आणि सुलतानाचे प्रतिनिधी नझ्मी बे. बाकीच्या तीन देशांना या खोऱ्याचं काही सोयरसुतक नव्हतं. तुमचं तुम्ही ठरवा, आम्ही सही करतो, असं म्हणून ते शिकारीला गेले होते.

पेरी म्हणाला, वर जाऊन पाहू तरी. नझ्मी बे अंगाने भारी, पायात नवे बूट, तरी चढले. वर पोहोचल्यावर त्यांनी बूट काढले आणि झऱ्यात पाय सोडून बसले. सगळीकडे मेंढ्या, आणि गुडघाभर गवतात फुलं. मग गावातली एक बाई पुढे आली. तिचं नाव नेदा. तिशीची असेल, नवरा युद्धात गेला होता आणि गावातले पुरुष घाबरून बोलत नव्हते, म्हणून ती बोलली. दुभाष्या होता मस्यू कोर्पी नावाचा म्हातारा. तो लांबलचक बोलणं तीन शब्दांत उरकायचा, पण नेदाचं बोलणं त्याने पुरं सांगितलं.

ती म्हणाली होती, "तुम्ही रेघ ओढून घरी जाल. वसंतात मेंढ्या वर निघतील तेव्हा त्यांना रेघ कोण समजावणार?"

नझ्मी बे हसले. म्हणाले, आमच्या सरकारला हे कुरण मिळालं तर सरकार इथे एक चौकी बांधेल, चौकीत दोन शिपाई ठेवील आणि ते दोघं पहिल्याच हिवाळ्यात गारठून मरतील. त्यापेक्षा ज्यांचं आहे त्यांनाच राहू दे. मग दोघांनी तिथेच, झऱ्याकाठी, रेषा डोंगराच्या माथ्यावर नेली. आणि पेरीने, कुणी मागितलं नसताना, नेदाचा हात हातात घेऊन सांगितलं की मी जिवंत असेपर्यंत ही रेषा हलणार नाही.

"असं का सांगितलंस?" मी विचारलं. तिसऱ्या सचिवाच्या शब्दाला किंमत ती काय, हे मलाही कळत होतं.

तो पाण्यात बोटं सोडून बसला होता. "माहीत नाही. तोंडातून गेलं. पण गेलं ते खरं."

तेवढ्यात प्रवाहाने आम्हाला एका जहाजाच्या अगदी जवळ नेलं. नावाडी जागा झाला आणि शिव्या देत वल्हवू लागला, आणि तो विषय तिथेच राहिला.

पुढची वर्षं कशी गेली म्हणाल तर पाण्यावरच्या त्या चमकेसारखी. रोलंड कोल्ह्याच्या शिकारीत कुंपणावरून घोड्यासकट पडला आणि गेला. वर्षभरात वडीलही गेले, आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना पेरी क्लनमियरचा अर्ल झाला. तरी त्याने नोकरी सोडली नाही. आम्ही कोपनहेगनला होतो, तिथे हिवाळ्यात दुपारी तीनला दिवे लागायचे आणि मी दोन वर्षं सतत संध्याकाळच आहे अशा समजुतीत काढली. मग लिस्बन. तिथे पेरी एका बाईच्या प्रेमात पडला, डोना लिओनोर; तिने सात महिने वाट पाहिली आणि मग एका अशा माणसाशी लग्न केलं जो पटकन बोलायचा. पेरीला फार लागलं. त्या वर्षी त्याने दाढी ठेवली. माझ्याही वाट्याला एकदोन गोष्टी आल्या, त्या इथे सांगण्यासारख्या नाहीत. लोक म्हणायचे, हेस्टरने भावासाठी आयुष्य वाहिलं. तसं काही नव्हतं. मला फिरायला आवडायचं, आणि अविवाहित बाईला फिरायचं तर भाऊ वकिलातीत असावा लागतो.

पेरी चौपन्नाचा झाला तेव्हा आम्ही लंडनला होतो. तो परराष्ट्र खात्यात उपमंत्री होता. परराष्ट्रमंत्री सर जर्वेस टॉलमॅश लोकसभेत बसायचे. उमरावांच्या सभागृहात खात्याची बाजू मांडायचं काम पेरीकडे. आणि एक बातमी अजून कुणाला ठाऊक नव्हती, पण सर जर्वेसनी शब्द टाकला होता: येत्या शरदात पॅरिसची वकिलात पेरीला मिळणार. आमच्या लोकांत पॅरिसच्या वर फक्त स्वर्ग. मी तर तिथल्या दिवाणखान्याच्या खिडक्यांची मापंही मागवली होती. निळं रेशीम ठरवलं, आणि ते लियोंहून निघालंही होतं.

जूनमध्ये एकदा सर जर्वेस चहाला आले. काकडीची सँडविचं खाता खाता म्हणाले की एक बारीकसं काम आहे. रेल्वेसाठी जमिनीची एक पट्टी हवी होती, ती सुलतान द्यायला तयार आहे. बदल्यात डोंगरातला एक तुकडा त्याला परत द्यायचा. पाचही देशांची संमती आहे. उमरावांच्या सभागृहात चार पानांचं निवेदन वाचलं की झालं.

"तुम्हाला तर डोळेही उघडावे लागणार नाहीत, क्लनमियर," ते म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर हसले.

पेरीने तुकड्याचं नाव विचारलं. सर जर्वेसना ते आठवेना. खिशातून कागद काढून पाहावं लागलं. विर्बाना.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीला तो खाली आला तेव्हा मला कळलं की हा रात्रभर जागा होता. ताटलीतल्या खारवलेल्या माशाकडे तो असा पाहत होता की जणू त्या माशाशी काही वाटाघाटी चालू आहेत. मी नोकरांना बाहेर पाठवलं.

मी काय बोलले ते मी लपवणार नाही. मी म्हणाले की सव्वीस वर्षं झाली. म्हणाले की तू वाचलं नाहीस तर दुसरा कुणी वाचेल, रेषा हलायची ती हलेलच. शब्द राजा देतो, राज्य देतं. चिटणीस देतो ते सौजन्य. मी हुशारीने बोलले, जन्मभर राजदूतांच्या पंगतीत बसून शिकले होते ते सगळं वापरलं. त्याने ऐकून घेतलं, डोळे मिटून.

"अरे, ती माणसं तुला विसरलीसुद्धा असतील."

"असतील," तो म्हणाला.

"मग?"

"मला पॅरिस आवडेल गं, हेस. खोटं कशाला बोलू? काल रात्री मी तिथल्या खिडक्यांचाच विचार करत होतो." मग त्याने चहा ढवळला, फार वेळ. "मी वाचीन."

मला वाटलं, जिंकले. मी उठून त्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं. आज त्या गोष्टीची मला जितकी लाज वाटते तितकी दुसऱ्या कशाची वाटत नाही.

निवेदनाच्या दिवशी मी सभागृहाच्या सज्जात बायकांच्या जागी बसले होते. दुपारचे साडेचार झाले असतील. रंगीत काचांतून ऊन खाली यायचं, लाल बाकांवर निळे हिरवे डाग पडायचे आणि हळूच सरकायचे. सभापती आपल्या लोकरीच्या गादीवर जडावले होते. निम्मे उमराव जेवणानंतरच्या गुंगीत. सगळं सभागृहच तळ्याच्या तळाशी असल्यासारखं.

पेरी उभा राहिला आणि वाचू लागला. पहिलं पान त्याने नीट वाचलं. दुसरं पान उलटलं. त्यावर असं लिहिलं होतं की सदर प्रदेश ओसाड असून कुणाच्याही वहिवाटीत नाही. त्याने "सदर प्रदेश" एवढं म्हटलं आणि थांबला.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग लोकांनी माना वर केल्या. तो कागद हातात धरून उभा होता, डोळे मिटलेले. एक मिनिट गेलं असेल, मला तास वाटला. समोरच्या बाकांवरून कुणीतरी म्हणालं, "उठवा हो त्यांना," आणि हशा पिकला. माझ्या शेजारच्या बाईंनी पंख्याआड तोंड लपवलं.

हशा विरला. पेरीने डोळे उघडले.

"महाशयहो, हा प्रदेश ओसाड नाही. मी तिथे गेलो आहे," तो म्हणाला. घरात बोलायचा तितक्याच आवाजात. "तिथल्या लोकांना मी शब्द दिला होता की मी जिवंत असेपर्यंत ही रेषा हलणार नाही. मी अजून जिवंत आहे." त्याने कागद घडी करून खिशात घातले आणि खाली बसला.

त्या संध्याकाळीच त्याने राजीनामा पाठवला. सर जर्वेसनी दोन ओळींचं पत्र धाडलं, त्यात 'खेद' हा शब्द तीनदा होता. पॅरिस दुसऱ्या कुणाला मिळालं. मी पेरीशी अकरा दिवस बोलले नाही. तो रोज सकाळी मला सुप्रभात म्हणायचा, मी लोण्याची वाटी त्याच्याकडे सरकवायची, आणि एवढाच आमचा संवाद. बाराव्या दिवशी लियोंचं रेशीम येऊन पडलं. पेटी उघडली तर इतकं निळं, थेरापियाचं पाणीच घडी घालून ठेवल्यासारखं. मी त्याच्याकडे पाहत बसले आणि मला त्या बोटीतली दुपार आठवली, पाण्यात सोडलेली त्याची बोटं आठवली. 'गेलं ते खरं' असं तो म्हणाला होता आणि तेव्हा मी वाद घातला नव्हता. तेव्हा मला ते सुंदर वाटलं होतं. मग सव्वीस वर्षांत नक्की कोण बदललं होतं?

मी त्याच्या खोलीत गेले आणि म्हणाले, चल, घरी जाऊ. ते रेशीम क्लनमियरच्या गावशाळेला दिलं. तिथल्या मुलांनी इंग्लंडातल्या सगळ्यात महाग पडद्यांना शाईची बोटं पुसली.

त्याच्या त्या बोलण्याने ठराव लांबणीवर पडला, इतकंच. वर्तमानपत्रांत पत्रं आली, कुणी प्रश्न विचारले, पाचांपैकी एका देशाने संमती काढून घेतली आणि मग पुन्हा दिली. दोन वर्षांनी कुरण गेलं. पेरीने ते चहाच्या वेळी वाचलं, पेपर घडी करून बाजूला ठेवला, आणि बागेत जाऊन नासपतीच्या झाडांच्या आधारकाठ्या बांधत बसला. मी थोडा वेळ थांबले, मग मागोमाग गेले.

"पेरी, आपण तिथे जाऊ या."

"कशाला? काय सांगू त्यांना?"

"काही सांगू नकोस. नुसतं जाऊ."

पुढच्या वर्षी जूनमध्ये आम्ही गेलो. तो सत्तावन्नाचा, मी त्रेपन्नाची. शेवटचे दोन दिवस खेचरांवरून. सोबत जवळच्या शहरातले एक तरुण शाळामास्तर होते, त्यांना फ्रेंच येत होतं. तेच आमचे दुभाषे. विर्बाना दिसलं तेव्हा मी चकित झाले, कारण मी ते आधी पाहिलेलं होतं. म्हणजे, पेरीने बोटीत सांगितलं होतं तसंच होतं अगदी. फक्त मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान.

नेदा जिवंत होती. साठी ओलांडलेली, जाडजूड, दारात बसून लोकर विंचरत होती. मास्तरांनी सांगितलं की हे इंग्रज साहेब, फार पूर्वी रेघ ओढायला आले होते. तिने पेरीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली की हो, आठवतो, तेव्हा बारीक होता. मग आम्हाला बसायला लावलं. पाव, आंबट दही, आणि एक चीज आणलं, त्याला वास असा की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पेरीने खाल्लं नाही. तो उभाच राहिला आणि मास्तरांमार्फत म्हणाला की मी तुम्हाला शब्द दिला होता, तो माझ्याकडून पाळला गेला नाही. मी माफी मागायला आलोय.

नेदाने लोकरीचा फणा खाली ठेवला. "कसला शब्द?"

मास्तरांनी समजावलं. ती ऐकत होती आणि तिच्या कपाळावरच्या आठ्या वाढत होत्या.

"असं काही कुणी आम्हाला सांगितलंच नाही," ती म्हणाली. "हा माझा हात धरून खूप वेळ बोलला. डोळे ओले होते. मग त्या टोपीवाल्या म्हाताऱ्याने आम्हाला सांगितलं, साहेब म्हणतात मेंढ्यांची काळजी घ्या."

मास्तरांनी ते फ्रेंचमध्ये सांगितलं. मी पेरीकडे बघू शकत नव्हते. ज्या शब्दासाठी त्याने पॅरिस सोडलं, मंत्रिपद सोडलं, वर्षभर जो मोडल्याची खंत मनात घेऊन फिरला, तो या डोंगरात कुणाच्या कानावर पडलाच नव्हता. मस्यू कोर्पीने नेहमीप्रमाणे तीन शब्दांत उरकलं होतं.

पेरी दाराशेजारच्या दगडी बाकावर बसला. त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतोय. हसत होता. मग त्याने पाव उचलला, त्या भयंकर चीजचा तुकडा त्यावर ठेवला आणि खायला लागला.

"तुला वाईट नाही वाटत?" मी इंग्रजीत विचारलं.

"मी तर ऐकला होता ना, हेस," तो म्हणाला.

नंतर नेदाने सगळं सांगितलं, न लपवता. कुरण गेलं त्या पहिल्या वसंतात शिपायांनी मेंढ्या परत हाकलल्या. खालचं गवत पुरेना, कोकरं मेली. चौदा घरं उठून गेली, त्यात तिच्या बहिणीचं एक. ती कुठे आहे ते अजून माहीत नाही. हे सांगताना तिने पुन्हा लोकर हातात घेतली. आता वरच्या चौकीत अनातोलियाचा एक हवालदार आहे, त्याला हे चीज आवडतं. तो दर शुक्रवारी डोंगराकडे पाठ करून नमाज पढतो आणि मग दिवसभर पाठ वळवतच नाही. मेंढ्या वर जातात, खाली येतात. तो बदलला की काय होईल ते देव जाणे.

पेरीने हळूच विचारलं की रेषा दोन वर्षं उशिरा हलली, हे तुम्हाला कळलं होतं का. नेदा म्हणाली की हो, अफवा तर आधीच आली होती; पण दोन उन्हाळे काही झालं नाही. त्या दोन उन्हाळ्यांत गवत चांगलं आलं होतं. तिने मोठ्या नातवाचं लग्न त्याच लोकरीवर केलं.

 त्या रात्री त्या घरात, गवताच्या गादीवर, पेरी असा गाढ झोपला की सकाळी कोंबड्यांनीही उठला नाही. तीन वर्षांत त्याला मी असं झोपलेलं पाहिलं नव्हतं.

परतताना आम्ही डॅन्यूब नदीवरून आगबोटीने निघालो. तिकिटं व्हिएन्नापर्यंतची होती. नदी एवढी रुंद की किनारे आहेत की नुसता भास आहे ते कळत नव्हतं. वेळूची बनं, बगळे, आणि मधूनच एखादं बेट, त्यावर एकच गाय. आम्ही वरच्या डेकवर खुर्च्या टाकून बसायचो. बोट इतकी संथ होती की एकदा एक बदक बराच वेळ आमच्या बरोबरीने पोहत होतं.

तिसऱ्या दुपारी पेरीने मला विचारलं, "हेस, तुला काय हवं होतं गं? आयुष्यात, म्हणजे."

तीस वर्षांत त्याने हे पहिल्यांदा विचारलं. मी रागवायला हवं होतं बहुतेक. मी खूप विचार केला. कुत्रेवाला सरदार आठवला, लिस्बनमधला एक सज्जन माणूस आठवला, त्याचं नाव मी कुणाला सांगितलेलं नाही. शेवटी मी म्हणाले की मला अशा ठिकाणी राहायचं होतं जिथे आपलं कुणाशी काही काम नाही आणि कुणाला जेवायला बोलवायचं नाही.

त्याने डोळे मिटले. मी समजले, झोपला. पण संध्याकाळी बोट एका छोट्या धक्क्याला लागली, दोन पोती आणि एक बोकड उतरवायला, तेव्हा तो उठला, काठी घेतली आणि खलाशाला आमच्या पेट्या उतरवायला सांगितलं. त्या गावाचं नाव मला धड उच्चारताही यायचं नाही. आम्ही एका दोर वळणाऱ्याच्या घरी वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. खाली दिवसभर चाकाची घरघर आणि तागाचा वास. मला पोहता येत नव्हतं. दोरवाल्याच्या बायकोने कमरेला दोर बांधून शिकवलं, आणि पेरी काठावर बसून टाळ्या वाजवायचा. आम्ही तिथे सहा आठवडे राहिलो. कुणी आम्हाला लॉर्ड म्हटलं नाही, लेडी म्हटलं नाही. दोरवाला पेरीला 'आजोबा' म्हणायचा, आणि पेरीला ते जगातल्या सगळ्या पदव्यांपेक्षा आवडलं.

त्यानंतर तो तेरा वर्षं जगला. क्लनमियरच्या नदीवर पूल कुठे बांधावा यावर जिल्हा मंडळात नऊ वर्षं भांडला, आणि हरला. गेला तेव्हा मी शेजारी होते. दुपार होती, खिडकी उघडी. आता मी एक्क्याऐंशी वर्षांची आहे. अजून उन्हाळ्यात, पाणी कोमट असलं की, पूल जिथे बांधला गेला त्याच्या जरा खाली, नदीत उतरते. प्रॉसर, आमचा म्हातारा बटलर, काठावर टॉवेल घेऊन उभा राहतो आणि दुसरीकडे तोंड करून म्हणतो, बाईसाहेब, पाणी गार आहे. मी म्हणते, आहे.